कुत्र्या-मांजरांना मोकळं सोडता येईल अशी बाग: आखणीपासून देखभालीपर्यंत

घरात प्राणी आणि अंगणात बाग असेल, तर एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते. ‘इथे उकरू नकोस’, ‘हे चाटू नकोस’ हे प्राण्याला आपण समोर असेपर्यंतच लागू असतं. आपली पाठ वळली की नाक आणि पंजे नेतील तिकडे तो जाणार. त्यात त्याचा काही दोष नाही. म्हणून सुरक्षित बागेची भिस्त शिस्तीवर ठेवू नये, आखणीवर ठेवावी. जे तोंडात जाऊ नये ते बागेत नकोच, आणि जे करायची त्याला ओढ असते त्यासाठी हक्काची जागा हवी.

दुसरं म्हणजे, विषारी झाडांची जितकी धास्ती घेतली जाते तितकी बागेच्या कपाटातल्या पुड्यांची आणि गोण्यांची घेतली जात नाही. माझ्या मते हे उलट हवं. बरीचशी विषारी झाडं कडू किंवा तिखट असतात, त्यामुळे पुष्कळदा प्राणी एक घास घेऊन थांबतो. उंदरांचं औषध, गोगलगायींच्या गोळ्या आणि हाडाचं खत मात्र त्याला चविष्ट लागतं, आणि तो पोट भरेपर्यंत खातो.

आधी आठवडाभर नुसतं बघा

कुदळ हातात घेण्यापूर्वी बागेचा कच्चा नकाशा काढा. प्राणी कुठे लोळतो, कुठे उकरतो, लघवीला कुठे जातो, कशापाशी हुंगत रेंगाळतो, याच्या खुणा त्यावर आठवडाभर करत राहा. कुत्रा असेल तर कुंपणाच्या कडेने त्याने पाडलेली वाट दिसेल. ती त्याची राखणीची फेरी असते. त्या पट्ट्यात कितीही वेळा रोपं लावली तरी तुडवली जाणार, तेव्हा ती वाट त्याला देऊन टाका आणि वाफा हातभर आत सरकवा. मांजराच्या वाटा जमिनीवर कमी आणि उंचावर जास्त असतात: भिंतीची कड, कठडा, छप्पर, आडवी फांदी. तेव्हा मांजरासाठी नकाशा काढताना नजर वर ठेवा.

जातीचा स्वभावही लक्षात घ्या. टेरियर आणि डॅशहंड हे कुत्रे बिळातल्या जनावरांमागे जमिनीत शिरावेत म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या पैदास केलेले आहेत. त्यांचं उकरणं बंद पाडणं जवळपास अशक्य असतं. त्याची जागा ठरवता येते, एवढंच.

मग एकदा गुडघे टेकून, प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून सगळी बाग फिरा. उभ्याने कधी न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात. रोपांच्या आधाराला रोवलेल्या काठ्यांची टोकं बरोबर कुत्र्याच्या डोळ्यांपाशी येतात. जाळीची तुटलेली तार, कुंपणाखालची फट, कुंडीमागे राहिलेला काचेचा तुकडा, रोपं बांधून उरलेली सुतळी हे सगळं तिथूनच सापडतं. काठ्यांच्या टोकांवर रबरी टोपणं बसवा. सुतळी, नायलॉनची दोरी आणि जाळीचे तुकडे कटाक्षाने उचला, कारण दोरा पोटात गेला तर आतडी गोळा होऊन अडकतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. मांजरांमध्ये हे फार घडतं.

कुंपण आणि फाटक

मध्यम आणि मोठ्या कुत्र्यांसाठी दीड ते पावणेदोन मीटर उंचीचं कुंपण लागतं. उड्या मारणाऱ्या कुत्र्याला तेही कमी पडू शकतं. कुंपणाला लागून लाकडाचा ढीग, बाक, खताचा डबा किंवा मोठी कुंडी ठेवू नका, नाहीतर त्याला आयतीच पायरी मिळते. आडव्या पट्ट्यांच्या कुंपणावर कुत्रे चढायला शिकतात. उभ्या पट्ट्या बऱ्या, पण दोन पट्ट्यांमधून डोकं आरपार जाणार नाही इतक्याच अंतरावर असाव्यात. पिल्लू आणायचं असेल तर फटीचं माप पिल्लाच्या डोक्यावरून धरा. खालच्या दोन फुटांना बारीक जाळी मारली की काम भागतं.

उकरून पलीकडे जाणाऱ्या कुत्र्यासाठी कुंपणाच्या पायथ्याशी आतल्या बाजूला तारेची जाळी आडवी पुरतात. जाळीची एक कड कुंपणाला घट्ट बांधायची, उरलेली साधारण ३० ते ६० सेंटिमीटर जाळी बागेच्या दिशेने जमिनीवर पसरायची आणि वर माती किंवा दगडगोटे टाकायचे. कुत्रा नेहमी कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरायला लागतो. तिथे पंजाला जाळी लागली की तो सोडून देतो. मागे सरकून जाळी संपते तिथून उकरावं, हे त्याच्या ध्यानात सहसा येत नाही. जाळीची कापलेली टोकं खाली वळवायला विसरू नका.

मांजर कुंपणावरून सहज जातं. त्याला आत ठेवायचं तर कुंपणाच्या माथ्यावर आतल्या बाजूला सुमारे ४५ अंशांत झुकलेली जाळी लावतात. छतासकट बंद केलेला जाळीचा पिंजरा हा आणखी खात्रीचा उपाय. खिडकीतून थेट त्यात जाता येईल असा केला, तर त्याला ऊन-वारा मिळतो आणि रस्त्यावरच्या गाड्यांपासून ते लांब राहतं.

फाटकावर मात्र पैसे आणि वेळ दोन्ही खर्च करा, कारण प्राणी हरवतात ते बहुधा उघड्या राहिलेल्या फाटकातून. आपोआप बंद होणारी बिजागरी आणि नाकाने ढकलून न उघडणारी कडी एवढं तरी हवंच. जागा असेल तर एकामागे एक अशी दोन फाटकं करा. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा नियम घरातल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

कोणती झाडं काढायची

मांजर असेल तर सुरुवात लिलीपासून. लिलियम वंशातल्या खऱ्या लिली आणि डे-लिली मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात. पान, पाकळी, परागकण, फुलदाणीतलं पाणी, काहीही पुरेसं असतं. मांजराने झाडाला तोंडही लावायची गरज नसते. ते फुलाला अंग घासून जातं, पिवळे-तपकिरी परागकण पाठीवर बसतात, आणि संध्याकाळी उन्हाच्या तिरिपीत बसून ते नेहमीसारखं अंग चाटतं. तेवढ्याने विष पोटात जातं. पहिल्या काही तासांत उलट्या होतात, मांजर मलूल होतं, मग थोडं सावरल्यासारखं वाटतं, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. मधलं ते सावरणं फसवं असतं. उपचार पहिल्या १८ तासांत सुरू झाले तर वाचण्याची शक्यता चांगली असते, म्हणून नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता निघायचं. मांजराच्या घरात लिली कोपऱ्यात, उंचावर, काचेमागे ठेवायचीही नाही. ती नकोच. पीस लिली आणि कॅला लिली ही झाडं वेगळ्या कुळातली. त्यांनी तोंडाची आग होते, पण मूत्रपिंडांना धोका नसतो.

कुत्र्यासाठी सगळ्यात वाईट झाड म्हणजे सायकस, ज्याला सागो पाम म्हणतात. दिसायला ठेंगणं, देखणं, कुंडीत वर्षानुवर्षं टिकणारं. त्यातलं सायकॅसिन यकृत निकामी करतं. सगळे भाग विषारी असले तरी बिया सर्वांत जास्त. चकचकीत, चेंडूसारख्या लोळणाऱ्या त्या बियांशी पिल्लं खेळतात आणि चावतात. एक-दोन बियाही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

हृदयावर घाला घालणारी झाडं दुसऱ्या गटात येतात: कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, अडेनियम आणि कलांचो. कण्हेरीची पानं वाळली तरी विष तसंच राहतं, त्यामुळे छाटणीनंतर पडलेला पालाही वेचावा लागतो. कण्हेर जाळू नका, तिचा धूरही घातक असतो.

कळलावीचं फूल मोठं देखणं, पण तिच्या कंदात कोल्चिसिन असतं. ते पोट, रक्तपेशी आणि इतर अवयव एकापाठोपाठ एक बंद पाडतं. एरंडाच्या आणि गुंजेच्या बिया अखंड गिळल्या तर काही वेळा तशाच बाहेर पडतात, पण चावल्या गेल्या की त्यांतली रिसिन आणि अब्रिन ही विषं मोकळी होतात. धोत्रा, रातराणी, सदाफुली आणि ब्रुनफेल्सिया यांनाही प्राण्यांच्या बागेत जागा नाही. ब्रुनफेल्सियाची फुलं जांभळी उमलून पांढरी होत जातात. ते झाड खाल्ल्यावर कुत्र्यांना कंप सुटून झटके येतात.

या सगळ्यांच्या मानाने सौम्य, पण घरोघरी दिसणारा गट म्हणजे डिफनबेकिया, मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, कॅलेडियम आणि अळू. यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावताच ते जिभेत आणि हिरड्यांत घुसतात. प्राण्याच्या तोंडातून लाळ गळते, तो पंजाने तोंड घासतो, काही खात नाही. हा प्रकार वेदनादायक असला तरी क्वचितच जिवावर बेततो. हे वेल उंच टांगता येतात, फक्त लोंबणाऱ्या फांद्या वेळच्या वेळी छाटायच्या. कोरफड आणि शेवंती यांनी पोट बिघडतं, म्हणून त्याही तोंडाच्या उंचीच्या वर. शेर आणि इतर युफोर्बियांचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो, त्यामुळे त्यांना वाटेच्या कडेला लावू नये.

भाजीच्या वाफ्यात कांदा आणि लसूण असेल तर भोवती जाळी लावा. दोन्हींमुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि मांजरांना त्याचा धोका कुत्र्यांहून अधिक. टोमॅटो-बटाट्याची पानं, हिरवी फळं आणि कोंब नकोत. द्राक्षांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती द्राक्षांनी होतील याचा नेम नाही. मांडवाखाली पडलेली द्राक्षं रोज वेचावी लागतात. इतर फळझाडांखालीही कोयी घशात आणि आतड्यात अडकतात, आंबलेल्या फळांत अल्कोहोल तयार होतं आणि त्यावर गांधीलमाश्या जमतात.

झाड मुळासकट काढताना हातमोजे घाला, प्राण्याला आत ठेवा, आणि पाला, मुळं, कंद कंपोस्टमध्ये न टाकता बंद पिशवीतून बाहेर द्या. उकरून अर्धवट सोडलेला कंद कुत्र्याला वरच्या पानांपेक्षा लवकर सापडतो.

त्यांच्या जागी काय लावायचं

गुलाब, सूर्यफूल, झिनिया, पेट्युनिया, अॅस्टर, कोंबडा, अँटिर्‍हिनम, जास्वंदीऐवजी कॅमेलिया, वेलींत खरी जाई-मोगरा, कुंडीत अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न आणि फॅलेनॉप्सिस ऑर्किड, आडोशाला बांबू, मसाल्याच्या वाफ्यात तुळशीवर्गीय बेसिल, रोझमेरी, थाइम, कोथिंबीर. एवढ्यात भरगच्च बाग होते. गुलाबाला काटे असतात, तेव्हा तो कुत्र्याच्या वाटेपासून आत लावा. बिनविषारी झाडही पोटभर खाल्लं तर उलटी होतेच, तेवढ्याने घाबरून जाऊ नये.

रोपवाटिकेत फक्त बोलीभाषेतलं नाव विचारून रोप आणू नका. एकाच नावाने दोन अगदी वेगळी झाडं विकली जातात. शास्त्रीय नाव विचारा, आणि ते अमेरिकेतल्या एएसपीसीए या १८६६ मध्ये स्थापन झालेल्या प्राणिसंस्थेच्या विषारी-बिनविषारी झाडांच्या यादीत तपासा. तिथे कुत्रा, मांजर आणि घोडा यांची माहिती वेगवेगळी दिलेली असते. हे महत्त्वाचं, कारण लिलीने कुत्र्याचं फक्त पोट बिघडतं आणि मांजराचा जीव जातो.

खतं आणि औषधं

हा भाग मी सगळ्यात जास्त जपून वाचायला सांगेन.

नवं रोप लावताना खड्ड्यात हाडाचं खत घातलं की कुत्र्याच्या नाकाला तिथे काहीतरी मांसाचं पुरलंय असं वाटतं. तो रोप उपटून बाजूला टाकतो, खतासकट माती खातो, आणि ते खत पोटात सिमेंटसारखं घट्ट बसू शकतं. रक्ताचं आणि मासळीचं खतही तसंच ओढून घेतं. एरंडीची पेंड तर आणखी धोक्याची, कारण नीट प्रक्रिया झालेली नसेल तर तिच्यात रिसिन उरलेलं असतं आणि कुत्र्यांना तिची चव आवडते. कोकोच्या टरफलांचं आच्छादन चॉकलेटसारखं वास मारतं आणि त्यात चॉकलेटमधलंच, कुत्र्यांना विषारी असलेलं थिओब्रोमिन असतं. यातलं काहीच न वापरता चांगली बाग करता येते. पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत मातीत नीट मिसळा, वर लाकडाचे तुकडे किंवा कोरडा पाला पसरा.

कंपोस्टचा डबा मात्र झाकणाचा आणि कडीचा हवा. कुजत्या पोळी-भातावर, दुधाच्या पदार्थांवर येणाऱ्या बुरशीत अशी विषं तयार होतात की ते खाल्लेल्या कुत्र्याला काही तासांत थरथर सुटते, ताप चढतो, झटके येतात. उघडा ढीग ठेवायची सवय असेल तर ती प्राणी आल्यावर मोडावीच लागेल.

गोगलगायींच्या निळ्या-हिरव्या गोळ्यांमध्ये बहुधा मेटाल्डिहाइड असतं. गोळ्या धान्याच्या कोंड्यात वळलेल्या असल्याने कुत्रे त्या खाऊ समजून टिपतात. साधारण तीन तासांच्या आत कंप, झटके आणि अंगाचा ताप भयंकर वाढणं सुरू होतं. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या तुलनेने कमी धोक्याच्या, पण त्यांचा डबाही कुलपातच. मला विचाराल तर संध्याकाळी टॉर्च घेऊन गोगलगायी वेचणं हाच प्राण्याच्या घरचा योग्य उपाय आहे.

उंदरांच्या औषधांपैकी ब्रोडिफॅकम, ब्रोमाडायोलोन यांसारखी औषधं रक्त गोठू देत नाहीत. त्यांचा कपटीपणा असा, की खाल्ल्यानंतर तीन ते पाच दिवस प्राणी अगदी ठणठणीत दिसतो. मग हिरड्यांतून रक्त, धाप, सुस्ती. तोवर शरीरात रक्तस्राव सुरू झालेला असतो. वेळेत गेलं तर के-१ जीवनसत्त्वाचा उपचार आहे, आणि तो काही आठवडे घ्यावा लागतो. मेलेला उंदीर खाल्लेल्या मांजरालाही ते विष बाधू शकतं. झिंक फॉस्फाइडचं दुखणं निराळं: ते पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फिन वायू तयार करतं. प्राण्याला गाडीतून नेताना खिडक्या उघड्या ठेवा, त्याच्या उलटीतला वायू माणसांनाही बाधतो. प्राणी मोकळा फिरतो त्या आवारात ही औषधं ठेवूच नयेत. सापळे लावा, धान्य आणि कचरा झाका, बिळं बुजवा.

फवारणी करायचीच असेल तर वेष्टनावर लिहिलेला काळ संपेपर्यंत आणि पानं पूर्ण वाळेपर्यंत प्राण्याला आत ठेवा. पाण्याची वाटी, खेळणी, अंथरूण आधी उचला. मांजर असलेल्या घरात परमेथ्रिन हे कीटकनाशक येऊ देऊ नका. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या काही औषधांतही ते असतं. मांजराच्या यकृताला ते विघटित करता येत नाही, आणि कुत्र्याच्या मानेवरचं औषध चाटूनही मांजराला झटके येतात. साबणाचं सौम्य पाणी, हाताने वेचणं, जाळी, पिवळे चिकट सापळे (उंचावर टांगलेले) यांनी घरगुती बागेतली बरीच कीड आटोक्यात राहते.

उरलेलं सगळं मूळ डब्यातच, कुलूपबंद कपाटात ठेवा. पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं औषध प्रसंगी ओळखूच येत नाही, आणि डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो ‘त्यात काय होतं?’ हाच.

पाणी

छोट्या तळ्यात बुडून मरायला खोल पाणी लागत नाही, निसरडी उभी कड पुरते. प्राणी पोहतो, पण वर यायला जागा सापडत नाही, आणि तो थकतो. कडेला खडबडीत दगडांचा उतार किंवा आडवी पट्टी मारलेली फळी ठेवा आणि प्राण्याला दोन-तीनदा तिथूनच बाहेर यायला शिकवा. हौद, टाकी, विहीर यांना पायाखाली सरकणार नाही असं झाकण हवं.

साचलेल्या पाण्यावर निळसर-हिरवा तवंग दिसला तर तिकडे फिरकू देऊ नका. निळ्या-हिरव्या शेवाळाची काही विषं यकृतावर आणि काही मज्जासंस्थेवर इतक्या वेगाने काम करतात की दवाखान्यात पोहोचायला वेळ मिळत नाही. डबक्यातून आणखी दोन रोग येतात: उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस आणि डासांमार्फत हृदयात वाढणारे हार्टवर्म. कुंड्यांखालच्या बशा दर दोन-तीन दिवसांनी रिकाम्या करा आणि प्यायचं ताजं पाणी सावलीत, दोन ठिकाणी ठेवा. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, ते आधी वाहू द्या, मग कुत्र्यावर सोडा.

ऊन, सावली आणि पायाखालची जमीन

हाताची मागची बाजू फरशीवर सात सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल तर पंजेही भाजतात. गडद फरशी, काँक्रीट आणि कृत्रिम गवत सगळ्यात जास्त तापतं. प्राण्याच्या मुख्य वाटेवर गवत, लाकडाचे तुकडे किंवा गुळगुळीत गोटे ठेवा. टोकदार खडी नको.

कुत्रा धाप टाकून अंग थंड करतो, आणि चपट्या नाकाच्या पग, बुलडॉगसारख्या जातींना तेही नीट जमत नाही. त्यांच्यासाठी दुपारभर टिकणारी सावली हवी. सकाळी सावलीत असलेली जागा दुपारी दोन वाजता उन्हात आलेली असते, म्हणून सावली दोन्ही वेळा जाऊन तपासा. झाडाखालची सावली पत्र्याखालच्या सावलीपेक्षा कितीतरी थंड.

गवत वाढू देऊ नका, विशेषतः कुसळं धरायच्या आधी कापा. कुसळाची रचना अशी असते की ते फक्त पुढे सरकतं. बोटांच्या फटीत, कानात किंवा नाकात शिरलं की आत आत जात राहतं, गळू होतं. फेरी मारून आलेला कुत्रा एकसारखा पंजा चाटत असेल किंवा डोकं झटकत असेल तर बोटांच्या फटी आणि कान उजेडात नीट बघा. आखूड गवतात गोचिडांनाही थारा कमी मिळतो. दाट झुडपं आणि गवत यांच्या मध्ये मीटरभर रुंदीचा कोरडा, गोट्यांचा पट्टा ठेवला तर त्या लॉनवर कमी येतात.

त्यांच्यासाठी काय करायचं

उकरणाऱ्या कुत्र्याला खड्डा द्या. त्याच्या लांबीच्या दीडपट लांब, ३० ते ४५ सेंटिमीटर खोल, भोवती लाकडी चौकट, आत वाळू आणि भुसभुशीत माती. पहिले काही दिवस रोज सकाळी तिथे खेळणं किंवा खाऊ अर्धवट दिसेल असा पुरा. तो काढला की शाबासकी द्या. मग खोल पुरा. वाफ्यात उकरायला लागला तर ओरडू नका, उचलून खड्ड्यापाशी न्या आणि तिथे स्वतः दोन हात माती उकरून दाखवा. हळूहळू खड्ड्याची ओढ वाफ्यापेक्षा वाढते. चेंडू आणि खेळणी निळ्या किंवा पिवळ्या रंगाची घ्या. कुत्र्याला हे दोन रंग चांगले कळतात, हिरव्या गवतावर लाल चेंडू त्याला नाकानेच शोधावा लागतो. झाडाची काटकी मात्र फेकून आणायला लावू नका. धावत्या कुत्र्याच्या टाळ्यात आणि घशात ती घुसते. दोरीचं किंवा रबराचं खेळणं बरं.

लॉनवरचे पिवळे डाग लघवीतल्या नायट्रोजनमुळे आणि क्षारांमुळे पडतात. लगेच बादलीभर पाणी ओतलं तर गवत वाचतं. कायमचा उपाय म्हणजे एका कोपऱ्यात लाकडाच्या तुकड्यांची जागा करून, दोरी लावून रोज सकाळी प्रथम तिथेच नेणं आणि काम झालं की लगेच खाऊ देणं. लघवीचा रंग बदलावा म्हणून मिळणाऱ्या गोळ्या पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नका.

मांजराला उंची आणि लपण दोन्ही हवं. भिंतीवर पायऱ्यांसारख्या फळ्या, खरखरीत सालीचा आडवा ओंडका नखं घासायला, आणि मऊ वाळूचा एक कोपरा. तो कोपरा दिला नाही तर ते ताज्या पेरलेल्या वाफ्यात जाईल, कारण भुसभुशीत माती त्याला आवडते. पेरलेल्या वाफ्यावर काटक्यांची उभी-आडवी जाळी ठेवली की ते टाळतं. वाफ्यात हात घालताना हातमोजे घाला, मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी जंतू पसरतो आणि गर्भवती स्त्रियांना तो धोक्याचा. चघळायला गव्हाचं किंवा ओटचं कोवळं गवत कुंडीत लावा. कॅटनिप हे पुदिन्याच्या कुळातलं रोप सुमारे दोन तृतीयांश मांजरांना आवडतं, बाकीच्यांवर त्याचा काहीच परिणाम होत नाही, आणि अगदी लहान पिल्लांवरही नाही.

सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत झाडांची निवड आणखी काटेकोर. कापून टाकलेलं लॉनचं गवत लवकर आंबतं, ते देऊ नका, उगवतं गवत चरू द्या, आणि सवय नसेल तर थोडं थोडं वाढवत न्या. सशाच्या आवाराला तळाशीही जाळी हवी. गरमीत त्याचं बूड रोज तपासा. ओल्या, घाण केसांत माश्या अंडी घालतात आणि अळ्या काही तासांत कातडीत शिरतात.

साप, बेडूक, माश्या

साप येतो तो उंदरांसाठी आणि अडगळीसाठी. लाकडाचा ढीग जमिनीपासून उंच मांडणीवर ठेवा, पाचोळा साचू देऊ नका, भिंतीच्या भेगा बुजवा. चावा झाल्याची शंका आली तर प्राण्याला चालवू नका, उचलून न्या. दोरी आवळणं, चीर देणं, रक्त शोषणं यातलं काहीही करू नका. सापाच्या मागे लागू नका.

काही भेकांच्या कातडीतून विषारी स्राव येतो. कुत्र्याने भेक तोंडात धरला आणि फेस येऊ लागला तर डोकं खाली झुकवून, पाणी बाहेर वाहील असं ओल्या फडक्याने हिरड्या पुसा. मधमाशीचा काटा नखाने खरवडून काढा. चेहऱ्यावर सूज, उलटी, धाप असेल किंवा खूप डंख असतील तर दवाखाना.

काही खाल्लंच तर

जवळच्या आणि रात्री उघड्या असणाऱ्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक बागेच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. प्राण्याने काही खाल्लं असं वाटलं की तोंडातलं उरलेलं बोटाने काढा, पाण्याने तोंड पुसा, आणि फोन करा. घरच्या घरी उलटी करवू नका. मिठाचं पाणी पाजल्याने रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीवर जातं, हायड्रोजन पेरॉक्साइड मांजराच्या पोटाला जखमा करतं, झटके येणाऱ्या प्राण्याची उलटी फुप्फुसात जाते. दूध-तूप पाजूनही विष उतरत नाही. परागकण किंवा औषध अंगावर सांडलं असेल तर प्राण्याला चाटू न देता कोमट पाण्याने धुवा.

उन्हाने कोसळलेला प्राणी असेल तर क्रम उलटा: आधी तिथेच थंड करा, मग न्या. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, ४१ च्या पुढे अवयव निकामी होऊ लागतात. सावलीत घेऊन अंगावर गार पाणी सतत ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो उष्णता कोंडतो.

निघताना चावलेल्या झाडाची फांदी पिशवीत घ्या, औषधाचा डबा किंवा त्याच्या वेष्टनाचा फोटो घ्या, उलटी झाली असेल तर तिचाही नमुना. किती वाजता, अंदाजे किती खाल्लं आणि प्राण्याचं वजन किती, हे कागदावर लिहून न्या. अशा घाईत आठवत नाही.